बेसन-सायीत लिंबू पिळू नका
चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी बेसन, साय, हळद आणि लिंबाचा लेप लावा, असा घरगुती उपाय एकीने सांगितलाय. त्यातलं बेसन, साय, चिमूटभर हळद इथपर्यंत पटलं, आजी पण हेच लावायची आणि सायीने त्वचा मऊ होते हे खरंय. पण त्यातच लिंबू पिळलं की सुरकुत्या जातात असं जे म्हटलंय ते प्लीज कोणी करू नका. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास आणि आपल्या त्वचेचा साधारण ५, म्हणजे आग होणारच, वर लिंबात, सालीत तर जास्तच, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती चेहऱ्यावर राहिली आणि ऊन लागलं की त्वचा अक्षरशः भाजते.

मी मे महिन्यात गालावर साल घासली, तोंड नुसतं पाण्याने धुतलं आणि लगेच स्कूटीवरून भाजी आणायला गेले. दोन दिवसांनी लाल चट्टे, बारीक फोड, मग काळे डाग, ते फिके व्हायला दिवाळी उजाडली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की लिंबू लावलं होतं का. आंबट काही हवंच असेल तर साधं दही घ्या, त्यातलं लॅक्टिक ॲसिड बरंच सौम्य असतं, रात्री १० मिनिटं लावून धुवायचं, आणि दिवसा सनस्क्रीन, कारण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मुख्यतः उन्हानेच येतात.