मदत हवी आहे : अ‍ॅस्ट्रोसाइटच्या कल्चरमधून मायक्रोग्लिया जात नाहीत

काचपट्टी :
रॅटच्या १-२ दिवसांच्या पिल्लांच्या कॉर्टेक्सपासून मिक्स्ड ग्लिया, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींचं मिश्रण, वाढवते आहे. त्यातल्या ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट हव्यात, मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे मायक्रोग्लिया नकोत. पॉली-डी-लायसिन (पेशी चिकटाव्यात म्हणून) लावलेले टी-७५ फ्लास्क, डीएमईएम या मीडियममध्ये (पोषकद्रवात) १०% एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ३७ अंश, ५% कार्बन डायऑक्साइड. नवव्या दिवशी फ्लास्कचा तळ पेशींनी भरला की २०० आरपीएमला १ तास हलवते, मीडियम फेकते, १० मिनिटं ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) देऊन, चिकटून राहिलेलं खरवडून प्लेट करते. जीएफएपीला (अ‍ॅस्ट्रोसाइटची खूण मानलेलं प्रथिन) जवळजवळ सगळ्या पेशी रंगतात, पण १०० नॅनोग्रॅम प्रति मिली एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह उठवणारा घटक) दिल्यावर एलायझात (प्रथिन मोजायच्या चाचणीत) टीएनएफ हे दाहाचं प्रथिन भरपूर येतं. हे अ‍ॅस्ट्रोसाइटचंच धरायचं का? आणि मधूनच चपट्या, लांबट, न रंगणाऱ्या पेशी दिसतात, त्या कोणत्या?

तारकापेशी :
धरू नका. जीएफएपीने अ‍ॅस्ट्रोसाइट दिसतात, त्यांच्यावर कोण बसलंय ते दिसत नाही. त्याच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) आयबा-१, म्हणजे मायक्रोग्लियाची खूण, लावून मोजा. एलपीएस ओळखणारा रिसेप्टर टीएलआर४ मुख्यतः मायक्रोग्लियावर असतो, त्यामुळे शंभरात दोन-चार उरल्या तरी एलायझात त्यांचाच आवाज येतो. शिवाय मायक्रोग्लियातून सुटणारे आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही प्रथिनं मिळून अ‍ॅस्ट्रोसाइटचं वागणंच बदलतात, हे २०१७मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटमधला बदलही एलपीएसचा थेट परिणाम नसू शकतो.

तुमची मुख्य चूक ट्रिप्सिनच्या पायरीत आहे. मायक्रोग्लिया प्लास्टिकला घट्ट धरतात, ट्रिप्सिनला लवकर दाद देत नाहीत. अ‍ॅस्ट्रोसाइटचा थर आधी सुटतो. फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवून बघत राहा. कडा गोळा होऊन थर सुटू लागला की लगेच सीरमचं मीडियम घालून थांबवा, साधारण ३-५ मिनिटांत. खरवडलंत की तळाशी राहिलेल्या मायक्रोग्लियाही सोबत आल्याच.

१ तासाच्या हलवण्याने वर बसलेल्या गोल, चकचकीत मायक्रोग्लियाच निघतात. त्यानंतर ताजं मीडियम घालून २४०-२५० आरपीएमला १५-१८ तास हलवलं की ऑलिगोडेंड्रोसाइटच्या (मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशींच्या) पूर्वपेशी निघतात. त्या राहू दिल्या तर सीरममध्ये त्यातल्या काही जीएफएपी दाखवणाऱ्या, फांद्या फुटलेल्या पेशी होतात आणि तुम्ही त्यांनाही अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येच मोजता. शेकर इन्क्युबेटरबाहेर असेल तर बूच घट्ट लावून पॅराफिल्म गुंडाळा. कार्बन डायऑक्साइड निसटला की मीडियम जांभळट होतं, म्हणजे अल्कधर्मी झालं.

काचपट्टी :
पेशींची वाढ थांबवायला अ‍ॅरा-सी (डीएनए बनणं अडवणारं औषध) दिलं तर मायक्रोग्लिया मरतील ना?

तारकापेशी :
अ‍ॅरा-सी विभागणाऱ्या पेशींनाच मारतं. स्वस्थ बसलेल्या मायक्रोग्लिया तरतात, आणि थर भरायच्या आत दिलंत तर अ‍ॅस्ट्रोसाइटच मरतात. मायक्रोग्लियाचं जगणं सीएसएफ१आर या रिसेप्टरवर अवलंबून असतं, त्यामुळे त्याला अडवणारा इन्हिबिटर जास्त नेमका. मात्र मेलेल्या पेशींचे अवशेष धुऊन, एक-दोनदा मीडियम बदलून, पुन्हा आयबा-१ बघूनच एलपीएस द्या.

मज्जारज्जू :
चपट्या पेशींबद्दल. बहुधा मेनिंजेसमधले (मेंदूवरच्या पातळ आवरणातले) फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतकाच्या पेशी, फायब्रोनेक्टिन या त्यांच्या प्रथिनाला रंगतील. एकदा फ्लास्कमध्ये शिरले की ते झपाट्याने वाढतात, मग काही करून जात नाहीत. उपाय विच्छेदनातच. बर्फावरच्या एचबीएसएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात), स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, ५ नंबरच्या बारीक चिमट्याने पापुद्रा सोला. कॉर्टेक्सवर लाल रक्तवाहिनीचा धागा दिसतोय तोवर मेनिंजेस शिल्लक आहे. इथे घाई नको, सगळं कल्चर याच दहा मिनिटांवर उभं असतं.

पण जीएफएपी नाही म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइट नाही, असंही नाही. कॉर्टेक्सच्या ग्रे मॅटरमधले बरेच अ‍ॅस्ट्रोसाइट ऊतकातसुद्धा जीएफएपीला फिके रंगतात. फेकण्याआधी एएलडीएच१एल१, ही अ‍ॅस्ट्रोसाइटची दुसरी खूण, लावून बघा.

काचपट्टी :
हलवून निघालेल्या मायक्रोग्लिया वापरता येतील?

तारकापेशी :
जरूर. कोटिंग नसलेल्या प्लास्टिकवर अर्धा-एक तास ठेवा, त्या चिकटतात, बाकीचं हलकं धुऊन टाका. मग स्वच्छ केलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये त्या मोजून ०, १, २ आणि ५ टक्के मिसळा आणि प्रत्येकाला तेच एलपीएस द्या. ० टक्क्याच्या वेलमध्ये जेवढं टीएनएफ येईल, तेवढंच अ‍ॅस्ट्रोसाइटच्या नावावर लिहा.