दीपावली ओपन हाउस: आत आकाशकंदील असलेला केक लापिस

प्रेषक: फराळ समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

चिवडा, चकली, शंकरपाळे आणि बेसन लाडू कोणाकडे हे मागच्या मेलमध्ये ठरलंच आहे. राहिला केक. ओपन हाउसला, म्हणजे इथे मलेशियात सणाला सगळ्यांसाठी दार उघडं ठेवतात त्या दिवशी, आपल्याकडे मलय, चिनी, तमिळ शेजारी येतात, त्यांच्या ओळखीचा एक तरी पदार्थ आपल्या हातचा असावा, असं बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. बोर्निओवरच्या सारावाक राज्याचा केक लापिस, म्हणजे पातळ रंगीत थरांचा केक, करावा, पण नक्षी आपली असावी: बाहेरून साधा आणि कापला की आत आकाशकंदील.

सुबांगच्या काकू बरीच वर्षं सारावाकच्या राजधानीत, कुचिंगला होत्या आणि तिथेच हा केक शिकल्या. काकू, कृती इथे सविस्तर लिहाल का? दोन घरांत मिळून करायचा विचार आहे.

प्रेषक: माँ कियारा

काकू, नमस्कार. मी माँ कियाराला राहते, मंडळात नवीन आहे. केक करते, आयसिंगही बरं जमतं. मोठ्या केकच्या पोटात आधी भाजलेला छोटा आकार ठेवून वरून पीठ ओतायचं, तसला केक करून पाहिलाय. पण लापिसमध्ये रेघा इतक्या काटेकोर असतात की त्या ओतून आल्या असतील असं वाटत नाही. आतला आकार येतो कसा? साचा असतो का? मला भाजायला घ्याल तर आनंदाने येईन.

प्रेषक: सुबांगच्या काकू

समितीला आणि माँ कियाराच्या आमच्या नव्या मुलीला नमस्कार.

बाळ, साचा नसतो. भाजताना नुसते सरळ, आडवे थर होतात, नक्षी कापताना तयार होते. मात्र कापल्यावर काय दिसणार हे थरांच्या क्रमावर ठरतं, म्हणून लोणी फेसायच्या आधी कागद-पेन्सिल घ्यायची. कुचिंगला माझ्या शेजारच्या मकचिक (मलय काकू) आधी चौकटीच्या वहीत रंग भरून बघायच्या आणि मगच ओव्हन लावायच्या. थरांचा केक डच काळात इंडोनेशियात रुजला आणि तिथून सारावाकला आला. तिथल्या बायकांनी त्यात रंग आणि भूमिती आणली. आज मलेशियात त्याला भौगोलिक मानांकन आहे. हरी रायाला, म्हणजे ईदला, तर तो असतोच, पण गवाई या तिथल्या सुगीच्या सणाला आणि नाताळलाही घरोघर दिसतो. तेव्हा दिवाळीच्या ताटात तो आला तर इथल्या कुणालाही परका वाटणार नाही.

आता कंदिलाचं गणित सांगते. २० सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये १३ थर घालायचे. दाबून प्रत्येक थर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास होतो, म्हणजे उंची साडेचार सेंमी. क्रम असा: दोन लाल, एक साधा, एक हिरवा, एक साधा, तीन पिवळे, एक साधा, एक हिरवा, एक साधा, दोन लाल. वरून वाचा नाहीतर खालून, सारखाच आला पाहिजे. हा नियम मोडला तर पुढे रेघा जुळणार नाहीत आणि मग कितीही सफाईने कापा, उपयोग नाही.

केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडा छाटून त्याच्या चार लांब कांबी कापायच्या. कांबीची रुंदी तिच्या उंचीइतकीच हवी, तोंड अगदी चौरस आलं पाहिजे. मग प्रत्येक कांब दोन्ही कर्णांवर लांबीभर चिरायची. एका कांबीचे चार त्रिकोणी तुकडे होतात आणि ते दोन जातींचे असतात. वरच्या-खालच्या तुकड्यांत रेघा रुंद बाजूला समांतर असतात, डाव्या-उजव्या तुकड्यांत त्या रुंद बाजूला काटकोनात असतात.

दोन कांबी घेतल्या की प्रत्येक जातीचे चार तुकडे मिळतात. पहिल्या जातीचे चार टोकं आत, रुंद बाजू बाहेर असे जोडायचे. चौकोनात चौकोन तयार होतो आणि मधोमध पिवळा ठिपका येतो. हा चौकोन कोपऱ्यावर उभा केला की झाला कंदील, आत ज्योतीसकट. दुसऱ्या जातीचे चार तुकडे त्याच्या चार बाजूंना लावायचे, या वेळी रुंद बाजू आत आणि काटकोन बाहेर. त्यांच्या रेघा कंदिलापासून सरळ बाहेर धावतात, ते किरण. मधल्या पिवळ्या थरांचा किरण नेमका कोपऱ्यात जाऊन पोचतो. पूर्ण तुकड्याचं तोंड पुन्हा चौरसच, बाजू सुमारे ६.४ सेंमी, आणि आठांपैकी एकही तुकडा उरत नाही. कागदावर करून बघा, मला अजूनही हे बघताना फार आनंद होतो. एका टिनमध्ये असे दोन लांब ठोकळे होतात.

साहित्य: लोणी ४५० ग्रॅम, बारीक साखर २००, अंडी १०, कंडेन्स्ड मिल्क २००, मैदा २२०, दूध पावडर ८०. लोणी-साखर पांढरी होईपर्यंत फेसा. अंडी एकेक करून घाला, फुटतंय असं वाटलं तर चमचाभर मैदा टाका. मग बाकीचं. बेकिंग पावडर मी घालत नाही, थर फुगले की रेघा वाकतात. पीठ वजन करून वाटा: लाल ४८०, साधं ४८०, पिवळं ३६०, हिरवं २४०. साध्यात दोन चमचे हॉर्लिक्स घाला, सारावाकची चव त्याने येते. हिरव्यासाठी पांदानच्या सुवासिक पानांचा घट्ट रस, म्हणजे रंगाबरोबर आंबेमोहोरासारखा वासही येईल. पिवळ्याला केशर आणि थोडा जेल रंग. लालसाठी बीट वापरू नका, भाजल्यावर ते मातकट होतं. जेल रंगच घ्या, पण डबीवर ई१२० नाही ना ते बघा, तो किड्यांपासून काढतात आणि आपल्याकडे बरेच जण शाकाहारी आहेत.

दर थराला १२० ग्रॅम पीठ, वजनकाट्यावर टिन ठेवूनच. पहिला थर वरखाली आचेवर १८० अंशांना ८-१० मिनिटं. नंतर फक्त वरची आच, २०० अंश, ४-५ मिनिटं. पृष्ठभाग कोरडा झाला आणि कडेला जरासा सोनेरी दिसला की बाहेर. फुगा आला असेल तर सुईने टोचा आणि सपाट दट्ट्याने सगळीकडून हलकं दाबा. मकचिकचा दट्ट्या पितळी होता. त्या दाबून झालं की टिन डोळ्यांच्या पातळीवर धरून चारही कोपरे बघायच्या, एखादा कोपरा वर असेल तर तेवढाच पुन्हा दाबायच्या, आणि मगच पुढचं पीठ ओतायच्या. तेरा वेळा हे करायचंच, दहाव्या थराला कंटाळून चालत नाही. शेवटी वरखाली आच १६० वर १० मिनिटं.

सगळ्यांना आशीर्वाद.

प्रेषक: पुचोंग (मूळ म्हापसा)

काकू, वाचून आमच्या घरची बेबिंका, गोव्याचं थरांचं पक्वान्न, आठवली. तिथेही वरूनच आच. पूर्वी मडक्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, साखर, मैदा, जायफळ, आणि प्रत्येक थरावर तूप. बेबिंकेला २०२३ मध्ये मानांकन मिळालं. रंग आणि नक्षी नसते, पण पुढचा थर कधी ओतायचा याची नजर तीच लागते.

माझा एक अनुभव: इथल्या छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल टिनच्या फार जवळ असते, त्यामुळे रंगीत थर लगेच करपतात आणि लालचा तपकिरी होतो. टिन एक खण खाली ठेवून मिनिटभर जास्त भाजलं तर रंग टिकतो. दर दोन थरांनी टिन फिरवूनही ठेवावा, कॉइल सगळीकडे सारखी तापत नाही.

एक विचारते. तुकडे जोडायला काय लावायचं? बेबिंकेत जोडकाम नसतं, त्यामुळे मला अंदाज नाही.

प्रेषक: चेरास

काकूंना नमस्कार, समितीलाही.

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. आपल्याकडे आत नक्षी असलेला पदार्थ आहेच. चिरोटे. दोन रंगांच्या पोळ्या, मध्ये साटा, गुंडाळी करून कापलं की प्रत्येक चकतीत चक्र. माझी आई गुलाबी-पांढरे करायची. दिवाळीच्या ताटात ते असताना दहा अंड्यांचा केक मध्यभागी ठेवणं मला पटत नाही. आमच्या घरातले तिघे अंडं खात नाहीत, आणि मंडळात अशी घरं कमी नाहीत. केक हवाच असेल तर कुचिंगहून येणाऱ्या कोणाकडून मागवता येईल, तयार मिळतो. अंड्याशिवाय होत असेल तर मात्र माझा काही विरोध नाही.

प्रेषक: सुबांगच्या काकू

भाऊ, चिरोटे व्हायलाच हवेत, आणि रंगीतच. ते तुमच्याकडे द्यावेत अशी मीच समितीला विनंती करते. केकच्या शेजारी चिरोट्यांचं ताट ठेवू, म्हणजे पाहुण्यांना आपली नक्षीही दिसेल.

अंड्याशिवाय लापिस करा असं मी सांगणार नाही. कंडेन्स्ड मिल्क आणि दह्यावर केक होतो, मऊही होतो, पण कर्णावर चिरताना त्रिकोणाची धार भुगा होऊन गळते. इथे धारच महत्त्वाची आहे. त्यापेक्षा हेच गणित काजूच्या वडीत करा. काजू कतलीचं पीठ चार रंगांत मळून घ्यायचं, सारख्या जाडीच्या पोळ्या लाटायच्या, त्याच क्रमाने एकावर एक रचायच्या आणि थंड करून तसंच कापायचं. जोडायला काहीच लागत नाही, तुकडे जरा कोमट झाल्यावर दाबले की चिकटतात. कांबी दोन सेंमीच्या घेतल्या तर एका घासाचे कंदील होतील, फक्त पोळ्या त्या मानाने पातळ लाटाव्या लागतील. अंडं न खाणाऱ्यांना उरलंसुरलं मिळाल्यासारखं वाटायला नको. त्यांचा कंदीलही तितकाच देखणा झाला पाहिजे.

तयार मागवण्याबद्दल: मिळतो, उत्तम मिळतो. पण त्यात त्यांची नक्षी असेल. आपल्या हातची गोष्ट पुढे केली की शेजारीण विचारते, कसं केलंस, आणि मग ती अर्धा तास बसते. ओपन हाउस आपण त्यासाठीच करतो ना?

पुचोंगच्या मुलीला: जोडायला जर्दाळूचा जॅम. गरम करून गाळून घे आणि ब्रशने अगदी पातळ लाव. जाड लावलास तर तुकडे घसरतात आणि कापताना मध्ये ओली रेघ दिसते. जोडून झालं की प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ, चारही बाजूंना सपाट पट्ट्या लावून दोऱ्याने बांध आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. बाहेरून साध्या केकचे अर्धा सेंमी जाडीचे चार पत्रे जॅमने लावायचे, म्हणजे आतलं काही दिसत नाही. तुझी कॉइलची सूचना सगळ्यांनी लिहून घ्या, फार उपयोगाची आहे.

आणखी एक, हे विसरू नका. लोणी, जॅम, इसेन्स, रंग, सगळ्यांवर हलालचा शिक्का बघून घ्या. रम किंवा दारू असलेला इसेन्स नको. केक मऊ राहावा म्हणून जे जेल मिळतं, ते कधी प्राण्यांच्या चरबीपासून असतं, तेही टाळा. पाहुण्याने विचारलं तर डबे दाखवता आले पाहिजेत.

प्रेषक: चेरास

काकू, काजूचे कंदील आम्ही करतो, आणि चिरोटेही. पोळ्यांची जाडी सारखी राहावी म्हणून लाटताना दोन बाजूंना सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवून पाहीन. माझा विरोध मागे.

प्रेषक: फराळ समिती

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: शुक्रवारी माँ कियारा आणि पुचोंग यांनी आपापल्या घरी एकेक टिन भाजायचा. बाहेरच्या पत्र्यांसाठी साधा केक समिती करेल. शनिवारी सकाळी दोन्ही टिन थंड पेटीत घालून सुबांगला काकूंकडे आणायचे, तिथे कापणं आणि जोडणं होईल. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं, मुलांनाही आणा. रविवारी ओपन हाउस. काजूच्या कंदिलांचं ताट वेगळं असेल, त्यावर 'अंडं नाही' अशी पाटी, मराठी आणि मलय दोन्हीत. साहित्याचा खर्च खजिनदारांकडे द्यावा.

प्रेषक: माँ कियारा

काकू, कागदाचे चौकोन रंगवून, कापून पाहिले. खरंच एकही तुकडा उरला नाही! मुलीने तिचा वेगळा क्रम लावला, मध्ये निळा घालून, आणि तिला वेगळाच कंदील मिळाला. शेवटचा प्रश्न: पाहुण्यांसमोर कापताना काय काळजी घ्यायची?

प्रेषक: सुबांगच्या काकू

मुलीचा क्रम नीट जपून ठेव, पुढच्या वर्षी तोच करू.

कापायच्या अर्धा तास आधी केक फ्रीजमधून काढा. फार गार असेल तर जोडावर तडकतो, आणि लोणी गार असताना चवही लागत नाही. लांब, पातळ पात्याची सुरी घ्या, दातेरी नको. प्रत्येक कापाआधी सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसायची, नाहीतर लालचा चुरा पिवळ्यावर ओढला जातो. कडेचा बोटभर तुकडा आधीच स्वयंपाकघरात काढून ठेवा, टोकाशी रेघा थोड्या सरकलेल्या असतात. काप एक सेंमीचे, त्याहून जाड नकोत, केक लोण्याने भारी असतो. ताटलीत काप आडवा ठेवताना चौकोन सरळच ठेवा, कोपऱ्यावर फिरवू नका. म्हणजे मधला कंदील आपोआप उभा दिसतो.