'फॉल्स कलर'ला 'खोटा रंग' म्हणावं का?

प्रश्न
ग्रहांची चित्रं डेस्कटॉपवर उघडून तपासायची कशी, यावर मराठीत मार्गदर्शिका लिहितोय. जेमार्स, हायव्ह्यू आणि आयसिस या प्रोग्राम-संचातलं क्यूव्ह्यू अशी तीन सॉफ्टवेअर घेतली आहेत. 'फॉल्स कलर'ला 'खोटा रंग' लिहिलं, तर एका वाचकाने लगेच विचारलं, "म्हणजे नासा चित्रं रंगवून देते होय?" 'छद्म', 'मिथ्या', 'कृत्रिम' हेही वाचनात आलेत. कुठला घ्यावा? आणि 'स्ट्रेच'ला 'ताणणे' चालेल का?

प्रतिसाद १
'खोटा' नकोच. खोटी सही, खोटी साक्ष, खोटं नाणं... मराठीत हा शब्द आला की फसवणारा कुणीतरी असतोच. इथे तसं काही नाही. मंगळाभोवती फिरणारा हायराइज कॅमेरा प्रकाशाच्या तीन पट्ट्यांत टिपतो: अवरक्त, लाल आणि निळा-हिरवा. अवरक्त डोळ्याला दिसतच नाही, मग पडद्यावर दाखवणार कसा? म्हणून अवरक्ताला लाल, लालाला हिरवा आणि निळ्या-हिरव्याला निळा रंग नेमून देतात. बेसाल्टची काळपट वाळू त्या चित्रांत निळीशार दिसते ती यामुळेच. मोजमाप खरं, रंगांची नेमणूक आपली. मी 'सांकेतिक रंग' म्हणेन.

जाता जाता: हायराइजची रंगीत फाइल राखाडी फाइलीपेक्षा बरीच अरुंद असते, कारण रंगाची सोय मधल्या साधारण पाचव्या भागापुरतीच होती, २०२३ पासून त्याहूनही कमी. फाइल अर्धवट उतरली असं समजून लोक पुन्हा डाउनलोड करत बसतात. तेवढं एक वाक्य टाकाच.

प्रतिसाद २
सहमत, पण 'छद्म रंग' टाकून देऊ नका, त्याला वेगळं काम आहे. जेमार्समध्ये 'मोला' या मंगळाची उंची मोजणाऱ्या उपकरणाचा नकाशा लावून बघा. तिथे प्रत्येक चित्रबिंदूला एकच आकडा आहे, लेसरने मोजलेली उंची. रंग वरून चढवलाय: सखल भाग निळा, उंच भाग तांबडा-पांढरा. मंगळावरचं हेलासचं खोरं निळं दिसतं म्हणून तिथे पाणी आहे असं नाही. एकाच आकड्यावर चढवला तो छद्म, तीन पट्ट्या एकत्र करून आला तो सांकेतिक.

प्रतिसाद ३
'ताणणे' म्हटलं की चित्राची लांबी-रुंदी ओढल्यासारखं वाटतं. इथे पसरायच्या असतात त्या छटा. समजा, १६-बिट फाइलीतले सगळे डीएन, म्हणजे चित्रबिंदूंचे आकडे, २१०० ते २९०० यांच्यातच आहेत. ६५,५३६ पायऱ्यांपैकी हा एवढासा तुकडा, त्यामुळे तसंच उघडलं तर सगळं काळंकुट्ट. तेवढ्याच तुकड्याला पडद्याच्या २५६ छटा वाटून दिल्या की विवरांचे काठ, सावल्या, सगळं वर येतं. 'छटाविस्तार' शब्द चांगला आहे, पण बोलताना सगळे "जरा स्ट्रेच मारून बघ" असंच म्हणतात. तोच ठेवा.

मात्र आयसिसमध्ये या एका शब्दाची दोन कामं आहेत. क्यूव्ह्यूमधला स्ट्रेच फक्त दाखवण्यापुरता असतो, कर्सर नेला की मूळचाच आकडा दिसतो. 'स्ट्रेच' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम चालवलात तर नवी क्यूब फाइल (आयसिसची चित्रफाइल) बनते आणि तिच्यातले आकडेच बदललेले असतात. त्या फाइलीवर तेजाची मोजमापं करायला गेलात की संपलंच.

प्रतिसाद ४
आणखी दोन जागा सांभाळा. लेबलमध्ये, म्हणजे फाइलीसोबतच्या माहितीत, 'लाइन' आणि 'सॅम्पल' येतात. तिथला सॅम्पल म्हणजे 'नमुना' नव्हे. लाइन ही ओळ, सॅम्पल हा त्या ओळीतला कितवा चित्रबिंदू. 'ओळ आणि स्तंभ' लिहिलंत तर कुणी अडखळणार नाही.

दुसरं, 'नल'ला 'शून्य' लिहू नका. शून्य हे मोजमाप असू शकतं. नल म्हणजे इथे मोजमापच नाही. ८-बिट क्यूबमध्ये नलसाठी ० हाच आकडा राखून ठेवलेला असतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. व्हायकिंग १ यानाने १९७६ साली टिपलेला मंगळावरचा 'चेहरा', म्हणजे चेहऱ्यासारखी दिसणारी टेकडी, आठवा. त्यावरचे काळे ठिपके म्हणजे पाठवताना गहाळ झालेली माहिती, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी! 'रिक्त' कसा वाटतो?

प्रश्नकर्ता
'रिक्त' घेतला. ओळ-स्तंभही घेतलं. क्यूबला 'घन' करायचा मोह होता, तो सोडला. पण 'सांकेतिक'वर शंका आहे: सांकेतिक भाषा म्हटलं की गुप्त भाषा वाटते. चित्रात काहीतरी दडवलंय असं नाही का वाटणार?

प्रतिसाद १
संकेत म्हणजे आधी ठरवून घेतलेली गोष्ट, नकाशातली सांकेतिक चिन्हं असतात तशी. तिथे कुणाला गुपित वाटत नाही, कारण कोपऱ्यात सूची असते. तुम्हीही प्रत्येक रंगीत चित्राखाली कुठल्या पट्टीला कुठला रंग दिला ते लिहा. ती ओळ नसेल तर कुठलाच शब्द कामाला येणार नाही.