बीजी-२ कपाशीच्या बोंडात जिवंत अळी: बियाणं बोगस की अळीलाच सवय झाली?

घाटंजी_कपाशी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, मध्यम-भारी जमीन, कोरडवाहू. ६ एकर बीजी-२ (अळी मारणारी दोन जनुकं घातलेली बीटी कपाशी), टोबणी २० जूनची, आज ९५ दिवस झाले. काल वावरात तिरपं फिरून १०० हिरवी बोंडं फोडली, सगळी लिंबाएवढी, अजून दबणारी. १३ बोंडांत अळी निघाली. बाहेरून बोंड एकदम निर्मळ, छिद्र नाही, विष्ठा नाही. आत सरकीला चिकटून बसलेली, काही पांढरट, काहींच्या अंगावर गुलाबी पट्टे. गंधसापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) गेल्या तीन रात्री सापळ्यामागे ११, ९ आणि १४ पतंग.

शेजारचे म्हणतात बियाणं बोगस, तक्रार कर. दुकानदार म्हणतो बियाणं अस्सल, फवारा कमी पडला. माझे प्रश्न:

१. बियाण्यात जनुक आहे की नाही हे शेतात कसं तपासायचं?
२. दोन-दोन जनुकं असताना अळी जगते कशी?
३. आता नेमकं काय फवारू?
४. पुढच्या वर्षीसाठी एक जण "४जी" सरकी देतो म्हणतोय, तिला बोंडअळी लागत नाही असं सांगतो. खरं आहे का?

बीजपरीक्षा

आधी अळी ओळखा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्यावर छिद्र बुजतं, म्हणून बोंड बाहेरून चांगलं दिसतं. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी मोठं गोल छिद्र पाडते, अर्धं अंग बाहेर ठेवून खाते आणि छिद्राच्या तोंडाशी ओली विष्ठा साचते. ठिपक्यांची अळी आधी शेंडे पोखरते, शेंडा सुकून माना टाकतो. बीजी-२ आजही या दोघींना बऱ्यापैकी आवरते. त्यामुळे वावरभर हिरव्या आणि ठिपक्यांच्या अळ्याही धडधाकट पोसल्या जात असतील तर बियाण्यावर संशय घ्या. फक्त गुलाबी असेल, तर बियाणं अस्सल असूनही असंच दिसणार. तुमचं वर्णन तरी सरळ गुलाबीचं आहे.

तरी खात्री हवी असेल तर पट्टी-चाचणी करा. क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी ही बीजी-२ मधली अळी मारणारी दोन्ही प्रथिनं एकाच पट्टीवर दाखवणारं किट घ्या. पद्धत अशी:

शेंड्याकडचं नुकतं उमललेलं कोवळं पान घ्या. जुनं पान घेऊ नका, त्यात प्रथिन उतरलेलं असतं. छोट्या नळीचं झाकण पानावर दाबलं की नखाएवढी गोल चकती नळीत पडते, तेवढी पुरे. किटमधली काडी घेऊन चकती चेचा, किटवर लिहिलंय तेवढं द्रावण घाला आणि नळी हलवा. मग पट्टी खुणेपर्यंतच बुडवा. ५ ते १० मिनिटांत रेषा उमटतात. सगळ्यात वरची नियंत्रण-रेषा उमटायलाच हवी, ती नसेल तर पट्टी फेकून द्या, तो निकाल धरायचाच नाही.

चुका होतात त्या इथे. एकच काडी दुसऱ्या झाडाला वापरली, किंवा रसाने माखलेल्या हाताने पुढचं पान तोडलं, की नॉन-बीटी झाडही बीटी दाखवतं. पान जास्त घातलं तर रस घट्ट होऊन पट्टीवर चढतच नाही. पट्ट्यांची डबी उघडी राहिली किंवा उन्हात गाडीच्या डिकीत पडली तर पट्टी खराब होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या झाडावर अळी सापडली त्याच एका झाडाची चाचणी करून ओरड करू नका. ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि २५ ग्रॅम नॉन-बीटी सरकी कायद्यानेच मिसळलेली असते. म्हणजे २० झाडांत एखादं झाड नॉन-बीटी निघणारच. वावरभर विखुरलेली ६० झाडं तपासा. त्यात ३ ते ६ झाडांना रेषा आली नाही तर ते स्वाभाविक आहे. १२ च्या वर गेली तर मात्र तक्रारीत दम आहे.

तक्रार करायची तर पावती, रिकामं पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर जपा, उरलेली सरकी असेल तर तीही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पीक उभं असतानाच पंचनामा व्हायला हवा, पऱ्हाटी उपटल्यावर कोणी काही सिद्ध करू शकत नाही.

पाते_फूल_बोंड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोंडाच्या आत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोलगार्ड-१ (बीजी-१) ला देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यात क्राय-१-एसी हे एकच प्रथिन होतं. गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या भागांत गुलाबी अळीने ते पचवल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. तोवर दोन प्रथिनांची बीजी-२ आली होती, तिला परवानगी २००६ ची. पण अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसताना दुसरं आणलं, तर दोघांचं एकत्र संरक्षण मिळत नाही. सगळा भार एकट्या क्राय-२-एबीवर आला. पुढे तेही पचलं आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी अळीने काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांनी पाहिलं.

आता बोंडात डोकवा. इतर बहुतेक देशांत बीटी कपाशी सरळ वाणांत आहे, तिथे प्रत्येक सरकीत जनुक असतं. आपल्याकडे ती संकरित वाणांत आहे. साधारणपणे जनुकं एकाच पालकाकडून येतात, त्यामुळे झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. झाड बीटी, पान बीटी, बोंडाची सालही बीटी. पण त्या बोंडात तयार होणारी सरकी ही पुढची पिढी, आणि तिथे जनुकं विभागली जातात. एका बोंडात ३२ सरक्या धरा. सरासरीने १८ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, ६ मध्ये फक्त पहिलं, ६ मध्ये फक्त दुसरं, आणि २ सरक्यांत काहीच नाही. गुलाबी अळी पानं खात नाही, ती सरकी खाते. म्हणजे तिला एकाच ताटात विष नसलेला, अर्धं विष असलेला आणि पूर्ण विष असलेला घास मिळतो. अर्ध्या ताकदीच्या अळ्या यातून तग धरतात आणि तोच गुण पुढच्या पिढीत उतरवतात. शिवाय १०० ते ११० दिवसांनंतर झाडातलं प्रथिन ओसरत जातं, आणि आपली संकरित पऱ्हाटी त्यानंतरही दोन-तीन महिने उभी असते.

यावर उतारा होता तो आश्रय ओळींचा. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची वेगळी पुडी येत असे, ती कडेने ५ ओळी लावायची. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांची गाठ पडली की होणारी पिल्लं बीटीवर मरतात, हे त्यामागचं गणित. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर पडून राहिली. म्हणून आता नॉन-बीटी सरकी पाकिटातच मिसळून देतात. उपाय योग्य आहे, पण गुलाबी अळीच्या बाबतीत उशिरा आलेला.

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसरी पिढीच पेरली. त्यामुळे वावरात पाव हिस्सा झाडं आपोआप नॉन-बीटी निघाली आणि तिथली गुलाबी अळी क्राय-१-एसीला पुन्हा वश झाली. अमेरिकेत बीटी, गंधसापळे आणि वांझ पतंग सोडणं एकत्र करून २०१८ मध्ये ही कीड कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच. वापरण्याच्या शिस्तीत फरक पडला. आपल्याकडे ही शिस्त लावण्याचं काम कंपन्यांनी आणि यंत्रणेने शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि विषय सोडून दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राळेगाव_ड्रिप

एवढं कशाला, प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण घ्या, दोन फवारे दाटून मारा. सुपडा साफ.

कीडनोंद

दादा, सप्टेंबरात सायपर नको. सायपर ज्या गटातलं, ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड लवकर मारलं की मित्रकीटक मरतात आणि १५ दिवसांत पांढरी माशी उसळते. मग तिच्यामागे आणखी दोन-तीन फवारे. हा गट साधारण १२० दिवसांनंतरसाठी राखून ठेवा, आणि तेव्हाही एकदाच.

घाटंजी भाऊ, तुमचे आकडे फवारणीची पातळी ओलांडलेले आहेत. सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १०० फुलांत १० डोमकळ्या (न उमलता मिटून राहिलेली किडकी फुलं), किंवा २० हिरव्या बोंडांत २ अळ्या, यातलं काहीही एक दिसलं की फवारायचं. तुमच्याकडे पतंगही जास्त आणि बोंडंही १३ टक्के. थांबू नका.

पण एक समजून घ्या. आत शिरलेल्या अळीला कोणतंच औषध लागत नाही. फवारा लागतो तो अंड्यांना, आणि अंड्यातून निघून बोंडात शिरण्याआधीच्या अळीला. अंडं ३-४ दिवसांत फुटतं आणि अळी काही तासांत आत जाते. म्हणून "अळी दिसली की फवारा" हा नियम या किडीला चालत नाही, पतंग दिसले की फवारावं लागतं. ती १३ बोंडं गेली असंच धरा, आता पुढची वाचवायची.

आत्ता प्रोफेनोफॉस ५० ईसी, १० लिटर पाण्यात ३० मिली. ८-१० दिवसांनी पुन्हा बोंडं फोडा. पातळी कायम असेल तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम. एकच औषध लागोपाठ नको आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र तर अजिबात नको. एकरी २०० लिटर पाणी लागतंच. ९५ दिवसांची पऱ्हाटी दाटलेली असते, ८ पंपांत एकर उरकला तर औषध वरच्या पानांवरच राहतं आणि मधल्या फांद्यांची बोंडं कोरडी राहतात.

फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका, भर उन्हात नको. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसं गेली. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, अंगावर पडणारे तुषार आणि मिश्रणं, सगळं एकत्र आलं होतं. मजूर लावला असेल तर ही साधनं त्याला तुम्हीच द्यायची.

सापळे: पाहणीसाठी एकरी २ पुरतात, पण आता पतंग पकडण्यासाठी एकरी ८ ते १० लावा. सापळा शेंड्याच्या वीतभर वर राहिला पाहिजे, पऱ्हाटी वाढेल तसा वर सरकवा. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) २१ दिवसांनी बदला. तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूरला हात लावू नका आणि जुनं ल्यूर वावरात टाकू नका, नर तिकडेच घिरट्या घालतात. पिशवी रोज सकाळी मोजून रिकामी करा, आकडा वहीत लिहा.

डोमकळी म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल. आत अळीने पाकळ्या जाळीने शिवलेल्या असतात. वावरात फिरताना त्या तोडून पिशवीत घ्या आणि जाळा. बांधावर फेकल्या तर अळी मातीत जाऊन कोष करते.

बीजपरीक्षा

चौथा प्रश्न राहिला. "४जी", "बीजी-३", "तणनाशक बीटी" या नावांनी विकली जाणारी सरकी म्हणजे बहुतेक वेळा ग्लायफोसेट सहन करणारी एचटीबीटी. त्यातलं जादा जनुक तणनाशकासाठी आहे, अळीशी त्याचा काडीचा संबंध नाही. बोंडअळीसाठी त्यात असलीच तर तीच जुनी दोन प्रथिनं. पाकीट साधं, त्यात आश्रयाची सरकी नाही, पावती नाही, म्हणजे नुकसान झालं तर दाद मागायला जागाच नाही. शिवाय यातली बरीच सरकी जिनिंगमधून आलेली दुसऱ्या पिढीची असते. ग्लायफोसेट मारलं की चारातलं एक झाड तणासोबत करपतं आणि ओळीत खाडे पडतात.

तण काढायला मजूर मिळत नाही, निंदणाचा खर्च परवडत नाही, हे दुखणं खरं आहे. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे पेरून आंदोलन केलं ते याचसाठी. त्या मागणीवर निर्णय व्हायलाच हवा. पण देशात आजही त्याला परवानगी नाही, आणि अळीचा उपाय म्हणून ते विकणारा तुमची शुद्ध फसवणूक करतोय.

घाटंजी_कपाशी

मनापासून आभार. उद्या सकाळी प्रोफेनो, आणि पट्टी-किट मागवतो. एकच विचारायचं राहिलं: वेचणीला किडकी बोंडं आली तर कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवू का? आणि पऱ्हाटी कधी काढू? ओल राहिली तर फरदडीचा (तेच पीक पुढे ठेवून जादा वेचणी घेण्याचा) विचार होता.

कीडनोंद

कवडी वेगळीच वेचा, चांगल्या कापसात मिसळली तर सगळ्याचा भाव पडतो. ती घरात साठवू नका, लगेच विका. दोन सरक्या एकमेकींना चिकटून जुळी झालेली दिसली तर फोडून पाहा, आत अळी अंगाची वळकटी करून झोपलेली असते. अशीच ती पुढच्या जूनपर्यंत राहू शकते.

फरदड घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत मिळणाऱ्या थोड्या कापसापायी पुढच्या हंगामाची अळी आपल्याच वावरात पोसली जाते. डिसेंबर अखेर पीक संपवा. शेवटच्या वेचणीनंतर मेंढ्या-बकऱ्या सोडा, त्या उरलेली हिरवी बोंडं खाऊन टाकतात. मग श्रेडरने पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळा. सरपणासाठी बांधावर गंजी लावायची असेल तर ती मार्चच्या आत संपवा, कारण वाळलेल्या बोंडांतली अळी तिथेच थांबते. आणि जवळ जिनिंग असेल तर एप्रिलपासून तिकडच्या धुऱ्यावर दोन सापळे लावून ठेवा, सरकीच्या ढिगातून निघणारे पतंग आधी तिथे कळतील.