दुहेरी अवतरणचिन्हांतली डॉलरची रक्कम आपोआप बदलते : मदत हवी आहे

कुळागर :
नमस्कार. फोंडा तालुक्यात आमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असून त्यातले जुने घर आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. परदेशी पाहुण्यांना दर कळवणारे पत्र मी एका छोट्या प्रोग्रॅमने तयार करतो. मजकूर अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहिलेला असूनही तयार पत्रात रक्कम वेगळीच उमटते. काल एका पाहुण्याला पूर्ण घराचा एका रात्रीचा दर २५० डॉलरऐवजी ३५० असा गेला आणि तो साहजिकच नाराज झाला. प्रोग्रॅममध्ये बेरीज-गुणाकार कुठेच नाही. मोसम तोंडावर आला आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

मांडवीकाठ :
भाषा कोणती, ती नेमकी ओळ काय आणि प्रोग्रॅम चालवताना तुम्ही काय टंकता, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. ३५० च्या आधी डॉलरचे चिन्ह उमटले होते का, तेही पाहावे.

पर्लप्रेमी :
हा प्रकार मी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत कितीतरी वेळा भोगला आहे. तिथे दुहेरी अवतरणचिन्हांत ईमेलचा पत्ता लिहिला, की ‘@’ च्या पुढचा शब्द ॲरेचे (मूल्यांच्या यादीचे) नाव समजला जातो. फाइलच्या आरंभी ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहिले, तर घोषित न केलेले असे नाव दिसताच प्रोग्रॅम चालायचेच नाकारतो. तुम्हीही ती ओळ घालावी.

कुळागर :
माझ्या पत्रात ईमेलचा पत्ता नाही. डॉलरचे चिन्ह मात्र खरोखरच गायब आहे, हे आता लक्षात आले. त्याच फाइलमध्ये घरच्या नोंदीसाठी मराठी प्रतही तयार होते आणि तिच्यात रक्कम चिन्हासह अगदी बरोबर येते. मग इंग्रजीतच काय बिघडते?

अक्षरजुळणी :
मराठी बरोबर आणि इंग्रजी चूक, म्हणजे दोष फॉन्टचा किंवा एन्कोडिंगचा (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचा) आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवा आणि फॉन्ट बदला.

मांडवीकाठ :
फॉन्टमुळे अक्षराचा आकार बिघडेल, पण दोनाचे तीन होणार नाहीत. २५० चे ३५० झाले, म्हणजे शेवटचे ‘५०’ टिकले आणि डॉलरच्या चिन्हासह फक्त एक अंक नाहीसा होऊन त्याच्या जागी दुसरे काही आले. पीएचपी या भाषेत व्हेरिएबलचे, म्हणजे मूल्य ठेवण्याच्या जागेचे, नाव अंकाने सुरू होत नाही, त्यामुळे तिथे ही रक्कम तशीच राहिली असती. पर्लमध्ये सगळे अंक मिळून एकच नाव धरले जाते, त्यामुळे तिथे पूर्ण रक्कम नाहीशी झाली असती. एकच अंक उचलणे ही शेलची, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, रीत आहे. कुळागरबाब, तुमची फाइल बॅश या शेलची आहे का?

कुळागर :
होय, उबुंटूवर बॅश आहे. मी गृहीतच धरले होते की तेच समजले जाईल. चालवताना फाइलच्या नावापुढे पाहुण्याचे नाव आणि मग रात्रींची संख्या टंकतो. ओळी खाली देवनागरीत देत आहे. मूळ फाइलमध्ये इंग्रजी पत्रातली अक्षरे व अंक रोमन आहेत.
इको "डिअर $१, होल हाउस $२५० पर नाइट"
इको "कॉटेज $१२०, रूम $४५"
शेवटच्या ओळीत कॉटेजच्या दराऐवजी पाहुण्याचे नाव आणि त्याला चिकटून २० येते, तर रूमचा दर नुसता ५ येतो.

मांडवीकाठ :
सर्व खुलासा इथेच आहे. दुहेरी अवतरणचिन्हांत शेल ‘$’ च्या पुढे नाव किंवा अंक शोधतो आणि कंस नसेल तर एकच अंक घेतो. ‘$२५०’ म्हणजे दुसरे आर्ग्युमेंट (फाइलच्या नावापुढे टंकलेली दुसरी गोष्ट, इथे रात्रींची संख्या) आणि पुढे ५०. कालचा पाहुणा तीन रात्री राहणार होता, म्हणून ३५०. ‘$१२०’ म्हणजे नाव आणि २०. चौथे आर्ग्युमेंट तुम्ही देतच नाही, म्हणून ‘$४५’ मधून नुसता ५ उरला. मराठी प्रतीतले अंक देवनागरी असणार. ते शेलच्या दृष्टीने अंकच नाहीत, म्हणून तिथे रक्कम सुरक्षित राहिली. एकेरी अवतरणचिन्हे वापरली, तर शेल आतल्या मजकुराला हात लावत नाही.

पर्लप्रेमी :
शेलमध्येही न दिलेले मूल्य वापरताच प्रोग्रॅम थांबवणारी ‘सेट -यू’ ही ओळ आहेच. ती ओळ घातली असती, तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

मांडवीकाठ :
फक्त ‘$४५’ वर सापडली असती, कारण चौथे आर्ग्युमेंट दिलेलेच नाही. पहिले दोन्ही दिलेले असल्यामुळे ज्या रकमेने पाहुणा दुखावला, ती या ओळीखालून निसटलीच असती.

कुळागर :
एकेरी चिन्हे घातली, तर रक्कम बरोबर आली, पण पाहुण्याच्या नावाच्या जागी ‘$१’ असेच छापले गेले. शिवाय ‘चिल्ड्रन्स’ या शब्दातल्या ॲपॉस्ट्रॉफीपाशी अवतरण संपते आणि प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो. हा उपाय मला चालणार नाही.

डिचोलीकर :
‘इको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ ही मजकूर छापणारी आज्ञा वापरा. मजकूर एकेरी चिन्हांत ठेवून नावाच्या जागी ‘%s’ लिहा आणि नाव शेवटी वेगळे द्या. यापेक्षा स्वच्छ मार्ग नाही.

मांडवीकाठ :
ॲपॉस्ट्रॉफीची अडचण त्यानेही सुटत नाही. पत्रात ‘५०% आगाऊ’ असे काही असेल, तर तिथे ‘%’ दोनदा लिहावे लागेल. दुहेरी चिन्हे तशीच ठेवून रकमेतल्या ‘$’ च्या आधी बॅकस्लॅश द्यावा, हे सोपे.

डिचोलीकर :
आज सोपे आहे. पुढच्या मोसमात दर बदलताना एखादा बॅकस्लॅश राहून गेला, तर पुन्हा हीच वेळ येईल. तसे असेल तर दर फाइलच्या माथ्यावर एकेरी चिन्हांत ठेवावेत: होलहाउस='$२५०'. मजकुरात दुहेरी चिन्हांतच "$होलहाउस" लिहावे. व्हेरिएबलमधून आलेल्या ‘$’ चा शेल पुन्हा अर्थ लावत नाही.

मांडवीकाठ :
हे माझ्या उपायापेक्षा चांगले आहे.

अक्षरजुळणी :
क्रॉनटॅबमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीतून) पत्रे पाठवत असाल, तर तिथल्या ओळीतही ‘%’ च्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो.

कुळागर :
मी पत्रे हातानेच पाठवतो. डिचोलीकरांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही दर वर नेले आणि एक, दोन, तीन व सात रात्री देऊन पत्रे काढून पाहिली. सर्व रकमा चिन्हासह बरोबर आल्या. नंतर जुनी पत्रे उघडली. पूर्ण घर घेणारे आमचे जवळजवळ सर्व पाहुणे शनिवार-रविवार धरून दोन रात्रींसाठी येतात. दुसरे आर्ग्युमेंट २ असल्यामुळे त्यांच्या पत्रात २५० असेच उमटत होते, फक्त चिन्ह नसायचे, आणि ते मी कधी पाहिलेच नाही. खोली व कॉटेजचे दर मात्र प्रत्येकच पत्रात चुकलेले आहेत. पूर्ण घर घेणाऱ्यांनी ती ओळ वाचली नसावी. कालच्या पाहुण्याला दुरुस्त पत्र पाठवले आहे. मांडवीकाठ आणि डिचोलीकर, तुमचे मनःपूर्वक आभार.