‘अन्नसाखळी’, ‘अन्नजाळे’ आणि ‘चुकामूक’: गोड्या पाण्यातील बदलांविषयी लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न

हवामानबदलामुळे नद्या-सरोवरांतील माशांवर काय ओढवते, याविषयी लिहिताना माझे एक वाक्य असे झाले: ‘तापमानवाढीमुळे अन्नसाखळीचे संतुलन बिघडते.’ वाक्य चुकीचे नाही, तरी त्यातून काहीच कळत नाही, असे वाटत राहिले. ‘अन्नसाखळी’ आणि ‘अन्नजाळे’ हे शब्द मी आजवर समानार्थी समजत आले. ते तसे आहेत का? आणि भक्ष्याच्या बहराची वेळ व भक्षकाच्या वाढीची वेळ यांचा मेळ बसेनासा होतो, त्या स्थितीला ‘असंतुलन’ म्हणावे, की त्याहून नेमका शब्द आहे?

प्रतिसाद १

हे दोन शब्द समानार्थी नाहीत, आणि गोड्या पाण्याच्या बाबतीत तर त्यांतला फरक सांभाळायलाच हवा. साखळीत एका कडीला मागची एक आणि पुढची एक अशा दोनच कड्या जोडलेल्या असतात. ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळीची कल्पना रूढ केली, पण अशा अनेक साखळ्या मिळून होणाऱ्या रचनेला, म्हणजे आजच्या ‘अन्नजाळ्या’ला, त्यांनीही ‘अन्नचक्र’ या अर्थाचे वेगळे नाव दिले होते. माशाला साखळीत बसवणे तर विशेष अवघड आहे, कारण एकच मासा पिल्लू असताना प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो, थोडा वाढल्यावर कीटकांच्या अळ्या खातो आणि मोठा झाल्यावर, कित्येक जातींत, इतर माशांची पिल्ले खातो. त्याची कडी कोणती म्हणायची?

जपानमधील होक्काइदो बेटावर होरोनाई नावाचा एक लहान वनप्रवाह आहे. तेथील माशांच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ४४ टक्के भाग काठावरच्या झाडांतून पाण्यात पडणाऱ्या कीटकांपासून येतो, आणि काठावरच्या पक्ष्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के भाग पाण्यातून पंख फुटून बाहेर पडणाऱ्या कीटकांपासून येतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याआधी त्याच प्रवाहाच्या काही भागांवर आच्छादन घालून वरून पडणारे कीटक अडवण्यात आले होते. तेव्हा माशांनी आपला मोर्चा पाण्यातल्या कीटकांकडे वळवला. ते कीटक कमी झाले, आणि त्यांच्या चरण्यातून सुटल्यामुळे दगडांवरचे शेवाळ वाढले. म्हणजे झाडावरच्या किड्यांचे पडणे थांबले आणि शेवाळ माजले! या दोन घटनांना जोडणारी सरळ साखळी काढून पाहा, ती निघत नाही. येथे ‘अन्नजाळे’ हाच शब्द हवा. काठावरची झाडे, त्यांना पालवी फुटण्याचा काळ, कीटकांचा हंगाम या सर्वांवर हवामानाचा परिणाम होतो, त्यामुळे पाण्याच्या तापमानात फारसा फरक पडला नसतानाही माशाच्या तोंडचा घास बदलू शकतो.

यातूनच क्रियापदाचा मुद्दा निघतो. साखळी ‘तुटते’, जाळे मात्र आधी सैल होते, मग उसवते, आणि शेवटी विस्कटते. ‘अन्नजाळे कोसळते’ असे अलीकडे वारंवार वाचायला मिळते, ते मला पटत नाही. कोसळते ती भिंत किंवा कडा. जाळ्याचे चार धागे गेले तरी ते काही काळ भार पेलत राहते, आणि म्हणूनच त्याची हानी उशिरा लक्षात येते. ‘उसवणे’ या क्रियापदात हा उशीर आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, तरी एक शंका मांडतो. माशांच्या संदर्भात ‘जाळे’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मासेमारीचे जाळे येते, आणि पोसणाऱ्या रचनेऐवजी पकडणारी वस्तू सूचित होते. शिवाय ज्या विसंगतीबद्दल मूळ प्रश्नात विचारले आहे, तिला ‘कालविसंगती’ हा शब्द पुरेसा नाही का?

प्रतिसाद १ कडून

आपली शंका रास्त आहे. परंतु मराठीत ‘कोळी’ म्हणजे मासे धरणाराही आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाराही. अन्नजाळ्यातले जाळे या दुसऱ्या कोळ्याचे आहे, असे मी समजतो: एका टोकाला धक्का लागला की थरथर दुसऱ्या टोकाला पोहोचते. संदर्भ स्पष्ट असेल तर वाचक गोंधळत नाही.

‘कालविसंगती’ला माझा विरोध नाही, पण तो शब्द ‘कालविपर्यास’ या रूढ शब्दाच्या इतका जवळ आहे की वाचकाला आधी ऐतिहासिक नाटकातली घड्याळाची चूक आठवेल. मी ‘चुकामूक’ सुचवेन. अमेरिकेतील लेक वॉशिंग्टन या सरोवरात १९६२ ते २००२ या काळात वसंतातला डायाटम या सूक्ष्म शैवालांचा बहर सुमारे २० दिवस अलीकडे सरकला, कारण पाणी लवकर तापून त्याचे वर उबदार व खाली थंड असे थर लवकर बनू लागले. जलपिसू, म्हणजे पाण्यातले अगदी लहान कवचधारी प्राणी, ही शैवाले खातात आणि माशांची पिल्ले जलपिसू खातात. तेथील जलपिसूंच्या एका महत्त्वाच्या जातीला बहराच्या या सरकण्याशी मेळ राखता आला नाही, आणि तिची संख्या दीर्घकाळात घटत गेली. ‘असंतुलन’ म्हटले की तराजू आठवतो, कशाचे तरी वजन कमी-जास्त झाले असे वाटते. येथे अन्नही आले आणि खाणाराही आला, पण दोघांची भेट झाली नाही. ठरलेल्या जागी येऊनही दोघांची गाठ पडत नाही, तेव्हा आपण चुकामूक झाली असेच म्हणतो. शब्द घरगुती आहे म्हणून तो शास्त्रीय लेखनात चालणार नाही, असे मी मानत नाही.

प्रतिसाद ३

याच विषयातले दोन शब्द मला खटकतात. एक ‘शीतरक्ताचे प्राणी’ आणि दुसरा ‘सुपोषण’. त्यांना पर्याय आहेत का?

प्रतिसाद १ कडून

‘शीतरक्ताचे’ हा शब्द टाळलेलाच बरा. २८ अंशांच्या पाण्यातल्या बहुतेक माशांचे रक्तही जवळजवळ २८ अंशांचे असते. त्याला शीत कसे म्हणणार? ‘अनियततापी’, म्हणजे ज्याचे तापमान भोवतालाप्रमाणे बदलते असा, हा शब्द उपलब्ध आहे आणि नेमका आहे. तो वापरला की पुढचे गणितही समजते: पाण्याबरोबर शरीर तापते, शरीर तापले की प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. १० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना केवळ ७.६ मिलिग्रॅमच्या आसपास.

पाण्यात पोषकद्रव्ये फार वाढून शैवाल माजते, त्या स्थितीला ‘सुपोषण’ म्हणतात. हा ‘युट्रोफिकेशन’ या मूळ ग्रीक घडणीच्या शब्दाचा शब्दशः अनुवाद आहे, पण मराठीत तो कुपोषणाचा विरुद्धार्थी म्हणून स्थिरावलेला असल्याने ‘सरोवराचे सुपोषण झाले आणि मासे मेले’ हे वाक्य वाचकाला कोड्यात टाकते. ‘अतिपोषण’ म्हणावे.

अतिपोषणाने वाढलेले शैवाल तळाशी जाऊन कुजते व तिथला प्राणवायू संपवते. त्यातच वरचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड थरात मिसळत नाही, आणि तळाला नवा प्राणवायू मिळत नाही. समशीतोष्ण प्रदेशांतील ३९३ सरोवरांच्या पाहणीत १९८० पासून पृष्ठभागाजवळचा विरघळलेला प्राणवायू ५.५ टक्क्यांनी, तर खोल पाण्यातला १८.६ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. ‘आर्क्टिक चार’ या जातीसारख्या, थंड पाण्यावाचून न जगणाऱ्या माशाला मग वर सोसवेना इतकी उष्णता आणि खाली श्वासाला पुरेना इतका कमी प्राणवायू, अशा दोन थरांमधल्या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. मी याला माशांची ‘कोंडी’ म्हणतो. शरद ऋतूत वरचे पाणी थंड होऊन जड होते, थर मोडतात, पाणी ढवळले जाते आणि कोंडी फुटते. पाणी तापत चालले की थर अधिक दिवस टिकतात, आणि कोंडी फुटण्याचा दिवस पुढे जातो.