‘अनलेस’नंतर ‘नॉट’ का येत नाही?

प्रश्न: ‘तू आल्याशिवाय मी जाणार नाही’ हे इंग्रजीत सांगताना ‘अनलेस यू डोन्ट कम’ असे लिहिणे चूक का ठरते?

पहिले उत्तर: ‘अनलेस’मध्ये अट आणि नकार दोन्ही आधीच सामावलेले असल्यामुळे त्याच उपवाक्यात ‘डोन्ट’ घातल्यास अर्थ उलटतो, म्हणून ‘आय वोन्ट गो अनलेस यू कम’ एवढेच पुरते. घटना भविष्यातली असली, तरी ‘अनलेस यू विल कम’ असेही लिहू नये.

दुसरे उत्तर: खुलासा योग्यच आहे, परंतु ‘इफ नॉट’च्या जागी ‘अनलेस’ सर्वत्र चालत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘तो आला नाही, तर मला आश्चर्य वाटेल’ या वाक्यात न येणे हेच आश्चर्याचे कारण आहे, अपवाद नव्हे. तिथे ‘इफ ही डझन्ट कम’ असेच लिहावे लागते.

प्रश्नकर्ता: ‘अनलेस’ने वाक्य सुरू झाल्यास उपवाक्यानंतर स्वल्पविराम द्यावा का?

दुसरे उत्तर: होय, द्यावा.